जागा धरणारी वीट

मी एक जुनी वीट आहे. हसलात ना? हसा. वीट म्हटली की तुम्हाला भिंत आठवते, आणि भिंतीतल्या विटेला कोण विचारतो! पण मित्रांनो, मी आयुष्यात एकाही भिंतीत बसलेली नाही. माझ्या अंगाला कधी सिमेंट लागलेले नाही. मी रांगेत उभी राहत असे आणि तेही एका माणसाच्या जागी. आज मी चिंचणीला, समुद्राकडे उतरणाऱ्या गल्लीत, वामनराव आणि पुष्पलताबाईंच्या घरी राहते. माझे माहेर मात्र फार लांब, व्हिएतनाम देशातल्या हनोई शहरात आहे. तिथून इथे मी कशी आले आणि इथे आल्यावर माझ्यावरून केवढी धमाल झाली, तेच आज तुम्हाला सांगायचे आहे.

माझा जन्म लाल नदीच्या काठावर झाला. तुमच्या पालघरकडे वीटभट्ट्या आहेत, तशाच तिथेही आहेत. बायका-पुरुषांनी पायांनी माती तुडवली, साच्यात दाबली, उन्हात वाळवली आणि भट्टीत रचली. आमची माती मुळातच तांबडी, त्यात भाजून निघाल्यावर मी अशी काही रंगाला आले की बघत राहावे. पण भट्टीतून काढताना माझा एक कोपरा उडाला. मुकादमाने मला उचलले, फिरवून पाहिले आणि बाजूच्या ढिगात फेकले. माझ्याबरोबरच्या विटा बैलगाडीत बसून शाळेच्या इमारतीला गेल्या. मी तिथेच पडून राहिले. तेव्हा फार वाईट वाटले होते.

त्या ढिगातून मला होआ नावाच्या बाईने उचलले. होआ कापडगिरणीत कामाला होती. बुटकी, बोलकी आणि कमालीची हट्टी. तिने मला घरी नेले, घासून धुतले आणि चुन्याने माझ्या अंगावर आपले नाव लिहिले. मग मला सायकलच्या मागे बांधून ती रेशनच्या दुकानापुढे घेऊन गेली आणि रांगेत ठेवून दिली. माझ्या पुढे आणि मागे अशाच नावांच्या विटा होत्या. कुणाची फुटकी टोपली होती, कुणाची वहाण होती. त्या दिवशी मला माझे काम कळले.

झाले होते असे की देशातली मोठी लढाई नुकतीच संपली होती आणि सगळीकडे कम्युनिस्ट सरकार आले होते. म्हणजे कारखाने, दुकाने, शेतमाल सगळे सरकारच्या हाती आणि सरकारही एकाच पक्षाचे. तांदूळ, रॉकेल, कापड, मीठ, सगळे रेशनवर. माल थोडा आणि तोंडे फार. दुकान उघडेल तेव्हा उघडेल, माल येईल तेव्हा येईल. तोवर माणसाने किती वेळ उन्हात उभे राहायचे? म्हणून लोकांनीच ही युक्ती काढली. वीट ठेवायची आणि आपल्या कामाला जायचे. विटेवर नाव आहे ना, मग ती जागा त्या माणसाची. असा कायदा कुठेही लिहिलेला नव्हता, पण सगळा मोहल्ला तो पाळत असे.

आता सगळेच साधुसंत होते असे मी म्हणणार नाही. एकदा एका जाडजूड बाईने मला पायाने मागे सरकवले आणि स्वतःची टोपली पुढे केली. होआ आली, तिने एका नजरेत ओळखले. मग त्या दोघी अशा काही भांडल्या की दुकानदार माल मोजायचा सोडून बघत बसला. शेवटी रांगेतल्या लोकांनीच निवाडा केला आणि मला माझ्या जागी परत बसवले. तेव्हा मी मनात म्हटले, कोपरा उडाला म्हणून मला भिंतीत जागा मिळाली नाही, पण आज चारचौघे माझ्या जागेसाठी भांडले. त्या दिवसापासून मला माझा अभिमान वाटू लागला. तो अजून उतरलेला नाही.

मी उन्हात उभी असताना होआ काय करत असे, सांगू? ती घरी जाऊन डुकराला खायला घालत असे. आणि डुक्कर कुठे, तर तिसऱ्या मजल्यावरच्या न्हाणीघरात! त्या काळी हनोईत पुष्कळ घरांनी असे डुक्कर पाळले होते. पगारात भागत नसे, मग घरातल्या उरल्यासुरल्यावर डुक्कर वाढवायचे आणि विकायचे. माणसे अंघोळ उरकायची ती डुकराच्या सोयीने. होआ म्हणायची, आमच्या घरात सगळ्यांत मान डुकराचा, त्याच्यामागून माझ्या नवऱ्याचा. मी रांगेत होते म्हणून तिला मुलाला न्हाऊ घालता आले, म्हाताऱ्या सासूचे पाय चेपता आले, गिरणीतल्या बायकांबरोबर गाण्याच्या तालमीला जाता आले. मैदानात पडदा लावून सिनेमा दाखवत, तोसुद्धा तिने माझ्या जिवावर पाहिला आणि येताना पडद्यावरची गाणी म्हणत आली.

दुःख नव्हते का? होते. होआचा धाकटा भाऊ शाळेत मास्तर होता. एकदा तांदळात फार किडे निघाले, तेव्हा तो रांगेत मोठ्याने नको ते बोलला. दुसऱ्या दिवशी त्याला बोलावणे आले. काही दिवसांनी तो घरी परतला, पण त्यानंतर चारचौघांत त्याचा आवाज कुणी ऐकला नाही. तो माझ्याजवळून जाई तेव्हा मान खाली घालून जाई. होआने त्याच्यासाठी पुष्कळ रडून घेतले आणि मग डोळे पुसून भात टाकला. मला हे दोन्ही आठवते. एक सांगायचे आणि एक झाकायचे, हे मला जमत नाही.

एका दुपारी मात्र गंमत झाली. दुकान बंद होते आणि सगळी माणसे घरी गेली होती. रस्त्यावर आम्ही विटाच काय त्या होतो. तेवढ्यात पश्चिमेकडच्या देशातला एक उंच, गोरा माणूस कॅमेरा घेऊन आला. तो चक्क रस्त्यावर पालथा पडला आणि आमचे फोटो काढू लागला. माझी छाती फुगली! माझ्या उडालेल्या कोपऱ्यावर ऊन पडले होते. फोटो काढून तो निघून गेला. तो कुणाशी एक शब्द बोलला नाही, कारण बोलायला कुणी नव्हतेच. त्या फोटोचे पुढे काय झाले, हे मला फार वर्षांनी कळले.

पुढे दिवस पालटले. सरकार तेच राहिले, पण दुकाने सगळ्यांसाठी उघडली, बाजार मालाने भरले. रांगा संपल्या आणि माझे कामही संपले. मी आधी दाराला अडसर झाले, मग गच्चीत कुंडीखाली गेले. अंगावर शेवाळ चढले. होआ म्हातारी झाली. नव्या घरात नव्या फरश्या आल्या, सुनेने मला दोनदा कचऱ्यात टाकले आणि दोन्ही वेळा होआने स्वतः खाली उतरून मला परत आणले. तिची नात लान तेव्हा लहान होती. होआ तिला माझ्यावर बसवून रांगेच्या गोष्टी सांगायची आणि दोघी खो-खो हसायच्या. होआ गेली तेव्हा लानने आजीच्या वस्तूंतून दुसरे काही मागितले नाही. तिने मला धुतले, लाल कापडात गुंडाळले आणि आपल्या पेटीत ठेवले.

आता चिंचणी. वामनरावांची मासेमारीची बोट आहे आणि पुष्पलताबाई बोंबील सुकवून बोईसरच्या बाजारात विकतात. त्यांचा मुलगा मितेश बोईसरच्या एका कारखान्यात यंत्रे दुरुस्त करायचा. पुढे त्याला व्हिएतनामच्या समुद्रकाठी, मासळी गोठवण्याच्या कारखान्यात काम मिळाले. तिथे त्याची लानशी ओळख झाली आणि दोघांनी लग्न ठरवले. घरी फोन आला आणि गल्लीत नुसता कल्लोळ झाला. शेजारच्या भागीबाईंना मोबाईलवर इंग्रजी सिनेमे बघायचा नाद. त्या पुष्पलताबाईंच्या ओट्यावर येऊन बसल्या.

"अगो, तो कम्युनिस्टांचा देश हाय," त्या म्हणाल्या. "तिकडं सगळी एकसारके कपडे घालतात. कोण हसत नाय. सरकार भोंग्यावर सांगल तेवा उटायचं. आनि देव तर नायच. देवाचं नाव काडलं का उचलून नेतात."

"मग ती पोर माज्या देवाला पाया तरी पडल का?" पुष्पलताबाईंचा जीव टांगणीला लागला.

एवढे खरे की हनोईत सकाळी भोंगा वाजायचा. पण तो सुरू झाला की होआ खिडकी लावून पुन्हा झोपायची, हे भागीबाईंच्या सिनेमात नव्हते. अर्थात लानचे मामाही काही कमी नव्हते. भारतात घरोघरी नाग फिरतात, म्हणून उंच बूट घालून जा, असे त्यांनी तिला बजावले होते. लग्न करून मितेशबरोबर राहायला आली तेव्हा बिचारी भर उन्हात गुडघ्यापर्यंतचे बूट घालून चिंचणीला उतरली आणि सगळी गल्ली तिच्या पायांकडे बघत राहिली.

त्याच संध्याकाळी पेटी उघडली गेली आणि पुष्पलताबाईंनी मला पाहिले. लाल कापडात जपून गुंडाळलेली वीट, वर पांढऱ्या चुन्याची अनोळखी अक्षरे. लानने मला दोन्ही हातांनी उचलून कपाळाला लावले. पुष्पलताबाईंच्या चेहऱ्यावर जे हसू फुटले ते मी विसरणार नाही.

"हिला देव हाय!" त्या ओरडल्या. "भागीबाय, बग, हिचा देव हाय! आपला देव विटेवर उबा रातो, यांचा देव वीटच आसंल."

त्यांनी मला हातातून घेतले आणि सरळ देव्हाऱ्यात, महालक्ष्मीच्या तसबिरीशेजारी नेऊन बसवले. हळद वाहिली, कुंकू वाहिले, फूल ठेवले. लानला भाषा कळत नव्हती. तिच्या देशात घरोघरी वारलेल्या आजी-आजोबांसाठी एक फळी असते, तिथे उदबत्ती लावतात, फळे ठेवतात, सणाला जेवण वाढतात. तिला वाटले, सासूबाईंनी माझ्या आजीला घरात जागा दिली. तिने डोळ्यांत पाणी आणून नमस्कार केला. पुष्पलताबाईंना वाटले, सून देवभोळी निघाली, आता काळजी मिटली. दोघीही आनंदात. मितेशला सगळे समजले होते, पण दोन बायका खूश आहेत म्हटल्यावर मध्ये तोंड घालायचे नाही एवढा शहाणपणा त्याच्याकडे होता.

मला विचाराल तर मला काही वाईट वाटले नाही. कुंडीखालून निघून थेट देव्हाऱ्यात! दिवसेंदिवस कुंकवाचा थर चढत गेला आणि होआचे नाव त्याखाली दिसेनासे झाले. मी फुशारून बसले होते.

लानही घरात रुळली. तिच्या गावीही मासळी सुकवतात, मासळीचे पाणी मुरवून सॉस करतात, त्यामुळे बोंबलाच्या वासाला तिने नाक मुरडले नाही. उलट एकदा वाळवणातले बोंबील घेऊन तिने अशी काही मिरची-मासळी केली की वामनराव दोनदा भात मागून जेवले. मराठी ती सासूकडून शिकली. म्हणून ती मराठी बोलते ती पुस्तकातली नव्हे, अस्सल चिंचणीची.

मग एका उन्हाळ्यात एल्साबाई आल्या. त्या युरोपातल्या एका संग्रहालयात काम करत. कम्युनिस्ट देशांतल्या जुन्या वस्तूंचे त्यांना मोठे प्रदर्शन भरवायचे होते. हनोईत चौकशी करताना त्यांना लानच्या मामांकडून कळले की रांगेची एक खरी वीट भारतात गेली आहे. मुंबईला दुसऱ्या कामासाठी आल्या होत्या, तिथून गाडी करून थेट चिंचणीला आल्या. बाई प्रेमळ होत्या. दारात चपला काढल्या, खाली चटईवर बसल्या, खारे बोंबीलसुद्धा चवीने खाल्ले. मितेशची धाकटी बहीण रिद्धी बोईसरच्या कॉलेजात शिकते, ती त्यांचे इंग्रजी सगळ्यांना समजावून सांगत होती. भागीबाई अर्थातच हजर होत्या.

एल्साबाईंनी मला देव्हाऱ्यात पाहिले आणि त्या चकित झाल्या. मग त्यांनी मी कोण, कशाची, हे सगळे सांगितले. रिद्धीने ते मराठीत सांगितले.

भागीबाई पदर तोंडाला लावून हसू लागल्या. "रेशनची वीट पुजली गो तू! येवडे दिवस रेशनची वीट!"

मित्रांनो, मी भट्टीत भाजले आहे, पण त्या क्षणी जशी भाजले तशी कधीच नाही. पुष्पलताबाईंचा चेहरा उतरला. त्या माझ्याकडे बघेनात. लानला काय झाले ते कळेना, ती एकदा सासूकडे आणि एकदा माझ्याकडे बघत राहिली. मला वाटले, संपले. आता मी परसात जाणार आणि माझ्याबरोबर या पोरीचा घरातला मानही जाणार.

एल्साबाई मात्र मला मागू लागल्या. संग्रहालयात मला काचेच्या पेटीत ठेवतील, वर दिवा असेल, देशोदेशीचे लोक येऊन बघतील. खरे सांगते, मला मोह झाला. देव्हारा सुटणारच होता, मग काचपेटी काय वाईट? एवढ्यात त्यांनी पिशवीतून एक मोठा फोटो काढला. तो मी ओळखला. तोच रस्ता, तेच ऊन, त्याच आम्ही विटा आणि तिसरी मी, उडालेल्या कोपऱ्यासकट. फोटोखाली लावायची पाटीही तयार होती. रिद्धीने ती वाचून सांगितली, "भयाच्या राज्यातली रांग. इथे माणसांची जागा विटांनी घेतली होती."

माझा मोह तिथेच उतरला. जागा मी घेतली नव्हती हो, धरली होती! पण विटेला तोंड कुठे असते?

"तुझी आजी सतत भीतीत जगली असेल ना?" एल्साबाईंनी लानला हळुवारपणे विचारले. "ते जगाला कळायला हवे. अशी किती माणसे सोसून गेली."

लान मराठीतच बोलली, कारण तिला ते सासूलाही ऐकवायचे होते.

"आजी घाबरायची," ती म्हणाली. "तिच्या भावाला नेला तेवा लय घाबरली. ते पन लिवा, लपवू नका. पन ती रोज नाय घाबरायची. रोज घाबरली असती तर रोज भात कोनी रांदला असता?"

रिद्धीने ते इंग्रजीत सांगितले. एल्साबाईंनी मान हलवली, पण बोट फोटोवर ठेवले. "मग हा रस्ता बघ. एक माणूस नाही. माणसे कुठे गेली?"

पुष्पलताबाई पुढे सरकल्या. त्यांनी फोटो हातात घेतला, लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला. मग त्या लानला म्हणाल्या, "सांग ना गो बाय. तुजी आजी कुटं हाय ह्याच्यात?"

"घरी गेली, आई. डुकराला खायला द्यायला."

"डुकराला?"

मग लानने सगळे सांगितले. न्हाणीघरातले डुक्कर, जाड्या बाईशी झालेले भांडण, मैदानातला सिनेमा, गाण्याची तालीम. पुष्पलताबाई आधी डोळे विस्फारून ऐकत होत्या, मग त्यांना हसू आवरेना. न्हाणीघरातल्या डुकरावर तर भागीबाईसुद्धा पोट धरून हसल्या. हसता हसता पुष्पलताबाई उठल्या आणि एल्साबाईंचा हात धरून त्यांना दारात घेऊन गेल्या.

बाहेर दुपारचे ऊन होते. त्या उन्हाळ्यात गल्लीच्या नळाला एक दिवसाआड पाणी येत होते. नळापाशी हंड्या-कळशांची लांब रांग लागली होती. निळे, लाल, पिवळे प्लास्टिकचे हंडे, मध्येच एखादी पितळी कळशी. गल्लीत माणूस म्हणून नव्हते. एल्साबाईंनी येतानाच त्या रांगेचा फोटो काढला होता.

"रिद्धी, हिला इचार," पुष्पलताबाई म्हणाल्या. "तू आमच्या हंड्यांचा फोटू काडलास ना मगाशी? त्याच्याखाली काय लिवनार? चिंचनीतली मानसं मेली? आमाला कोनी डांबून ठेवलंय? त्यो निळा हंडा माजा हाय. मी मेले नाय, मी तुला बोंबील भाजून घालते!"

रिद्धीने शब्द न् शब्द इंग्रजीत सांगितला. एल्साबाई दारात उभ्या राहून त्या रांगेकडे नव्याने बघू लागल्या. त्यांचे कान लाल झाले होते.

"पान्याला तरास हाय, त्यो हायच," पुष्पलताबाई पुढे म्हणाल्या. "सरपंचाला आमी शिव्या घालतो. पन तरास म्हंजे आमी नाय. हंडा उबा रातो म्हनून तर आमी जेवतो, झोपतो, पोरांची लग्नं लावतो."

मित्रांनो, आयुष्यभर मला जे सांगता आले नाही, ते एका चिंचणीच्या बाईने निळ्या हंड्याकडे बोट दाखवून सांगितले. तिने हनोई कधी पाहिले नव्हते. माझी छाती पुन्हा फुगली.

एल्साबाई आत येऊन बसल्या. त्या प्रामाणिक होत्या. म्हणाल्या, "पाटीचा मजकूर समिती ठरवते. मी परत जाऊन सांगून बघेन, पण बदलेल असा शब्द मी देऊ शकत नाही."

लानने माझ्याकडे पाहिले. मला कळत होते, ती काय तोलते आहे ते. काचपेटीत गेले तर आजीचे नाव देशोदेशी जाईल, पण चुकीच्या ओळीखाली. "मंग वीट नाय देत," ती शांतपणे म्हणाली. "फोटो तुमच्याकडं हाय, तो लावा. त्याच्याखाली लिवायचं आसंल तर मी सांगते ते लिवा."

"काय लिहू?"

"होआ घरी गेली हाय. डुकराला खायला देऊन येते."

रिद्धीने ते सांगितले. एल्साबाई आधी हसल्या, मग त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. ती ओळ त्यांनी जशीच्या तशी लिहून घेतली. जाताना पुष्पलताबाईंनी त्यांना बोंबलाची पुडी बांधून दिली आणि एल्साबाईंनी आमच्या त्या फोटोची प्रत घरात ठेवून दिली. ती ओळ पुढे तिकडच्या भिंतीवर लागली की नाही, मला ठाऊक नाही.

गाडी गेल्यावर पुष्पलताबाई देव्हाऱ्यापाशी आल्या. त्यांनी मला बाहेर काढले. त्या मला मोरीवर घेऊन गेल्या आणि ओल्या फडक्याने पुसू लागल्या. महिनोन्महिन्यांचे कुंकू वाहून गेले आणि खालून चुन्याची अक्षरे वर आली. "काय नाव हाय गो हे? नीट सांग," त्यांनी सुनेला विचारले. लानने सांगितले. पुष्पलताबाईंनी दोन-तीनदा घोकून पाहिले, जीभ वळेना, तरी सोडले नाही. शेवटी नीट आले. मग त्यांनी मला कोरडे केले आणि माजघरातल्या फळीवर, आपल्या सासूच्या तसबिरीशेजारी ठेवले.

"देव नाय तर नाय," त्या भागीबाईंना ठणकावून म्हणाल्या. "घरातलं मानूस तर हाय."

मित्रांनो, देव्हाऱ्यातून खाली उतरून कुणाचा मान वाढल्याचे तुम्ही ऐकले आहे का? माझा वाढला. म्हणून तुम्हाला एकच विनवणी करते. लांबच्या देशाबद्दल, परक्या माणसांबद्दल तुम्ही पुष्कळ काही ऐकाल, मोबाईलवर बघाल. त्यातले काही खरेही असेल. पण चित्रात जे माणूस दिसत नाही, ते कुठे गेले आहे हे विचारल्याशिवाय त्याच्याखाली ओळ लिहू नका. आणि घरात एखादी माझ्यासारखी जुनी, कोपरा उडालेली वस्तू असेल तर ती फेकण्याआधी आजीला विचारा. आजी नसेल तर जिने ती जपली तिला विचारा.

त्या वर्षी सर्वपित्री अमावास्येला वामनरावांनी नेहमीप्रमाणे परसातल्या पत्र्यावर पाने ठेवली. एक वडिलांचे, एक आईचे. पुष्पलताबाईंनी आतून आणखी एक पान आणले. त्यावर भात, वरण, वडा आणि कडेला लानने केलेली चिमूटभर मिरची-मासळी होती. "हे होआचं," त्या म्हणाल्या आणि नाव अगदी नीट उच्चारले. सगळे मागे सरकून उभे राहिले. लान मला पोटाशी धरून दारात उभी होती. माडावरून एक कावळा उतरला, पत्र्यावर दोन उड्या मारल्या आणि वामनरावांच्या आईवडिलांची पाने ओलांडून सरळ होआच्या पानाला शिवला.

वामनराव जरा हिरमुसले. "आईच्या आदी ही?"

"आसू द्या," पुष्पलताबाई म्हणाल्या आणि लानच्या पाठीवरून हात फिरवला. "जलमभर रांगेत उबी होती बिचारी. आज तरी तिचा पैला नंबर लागू द्या."